जॉन्सन की काँग्रेस? अमेरिकी यादवीनंतर बाजू कुणाची घ्यावी

वादविवाद स्पर्धेत किंवा निबंधात अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरची पुनर्रचना, म्हणजे फुटून निघून हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांना संघराज्यात परत कसं घ्यायचं हा प्रश्न आला, की आधी ठरवावं लागतं: राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन बरोबर होते, की त्यांच्याशी भिडलेली काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद?

जॉन्सन यांची बाजू मांडायला सोपी आहे. दक्षिणेतली राज्यं कायद्यानं संघराज्याबाहेर कधी गेलीच नव्हती, म्हणून गुलामगिरी रद्द करावी, निष्ठेची शपथ घ्यावी आणि परत यावं. अकरा राज्यांच्या प्रतिनिधींना दाराबाहेर ठेवून त्यांच्यासाठी कायदे कसे करता, हा त्यांचा सवाल वजनदार आहे.

पण या उदारपणातून काय निघालं? १८६५ सरायच्या आत मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिनानं ‘ब्लॅक कोड’, म्हणजे कृष्णवर्णीयांना जखडणारे कायदे केले. मिसिसिपीत कामाचा पुरावा नसलेल्या कृष्णवर्णीयाला भटका ठरवून दंड करता येई आणि दंड भरता आला नाही, तर मजुरीला जुंपता येई. जॉर्जियानं बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनाच सिनेटसाठी निवडलं. नुकत्याच मुक्त झालेल्या लाखो लोकांना मतच नव्हतं. मग हे प्रतिनिधी कुणाचे? माझ्या मते जॉन्सन यांचा युक्तिवाद इथेच कोसळतो.

काँग्रेसनं १८६६चा नागरी हक्क कायदा त्यांचा नकाराधिकार डावलून मंजूर केला, चौदावी घटनादुरुस्ती आणली आणि १८६७ मध्ये दहा राज्यं पाच लष्करी विभागांत घालून तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मतदान खुलं केलं. १८७० मध्ये कृष्णवर्णीय हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून सिनेटवर गेले. जॉन्सन यांच्यावरचा १८६८चा महाभियोग मात्र फार ताणू नका. युद्धमंत्री स्टँटन यांना काढल्याचं निमित्त तोकडं होतं, आणि जॉन्सन एका मतानं वाचले.

मराठी श्रोत्यांसमोर बोलणार असाल, तर महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हे जरूर सांगा.

मी काँग्रेसची बाजू घेईन, पण जमिनीचा प्रश्न लपवणार नाही. उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांच्या जानेवारी १८६५च्या हुकमानं मुक्त झालेल्यांना किनाऱ्यालगत कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली होती. जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत केली. काँग्रेसमधले जहाल नेते थॅडियस स्टीव्हन्स यांनी मळेवाल्यांची जमीन जप्त करून वाटायचा प्रस्ताव मांडला, तो खुद्द काँग्रेसलाच पचला नाही. हातात मत आलं, पण पोट मळेवाल्याच्याच शेतावर राहिलं. १८७७ मध्ये दक्षिणेत उरलंसुरलं केंद्राचं सैन्य बराकीत परतलं, तेव्हा त्या मताच्या पाठीशी उभं राहायला कुणी उरलं नाही.