जुन्या मशीनवर लिनक्स मिंट: सात महिन्यांचा वापर, आणि फॉरमॅटला अडकणाऱ्या डिस्कचा बंदोबस्त

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, आणि आपल्याकडच्या खेड्यांतल्या वाचनालयांत, शाळांत, झेरॉक्सच्या दुकानांत चालणाऱ्या कोअर टू ड्युओ मशीनमध्ये ते नाहीच. दिवाळीत अशा पाच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22.2 ही मोफत सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, बसवली. आता मे उजाडला आहे. वापरायला ती उत्तम आहे. बसवताना मात्र पाचपैकी तीन मशीन एकाच पायरीवर आडव्या झाल्या: 'ईएक्सटी4 फाइल सिस्टिम तयार करता आली नाही', नाहीतर पट्टी अर्ध्यावर आणि माउससुद्धा हलत नाही.

अशा वेळी बहुतेक जण दुसरी आवृत्ती उतरवतात. त्याचा फायदा क्वचितच होतो. इन्स्टॉलर तोवर पेन ड्राइव्ह आणि रॅमवर चालतो, हार्ड डिस्कला जवळपास हातच लागत नाही. ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल मांडणीची पद्धत डिस्कचे 128 एमबीचे गट पाडते आणि त्यांची नोंद डिस्कभर ठिकठिकाणी लिहिते. म्हणजे डिस्क, केबल, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम यांची पहिली खरी परीक्षा फॉरमॅटलाच होते. त्या क्षणी मशीन पडली तर दोष आधीपासून तिथेच होता असं धरून चालावं.

पहिल्यांदा केबल. संगणकाचा डबा उघडून साटा केबल (डिस्क आणि बोर्ड जोडणारी) दोन्ही टोकांना काढून परत बसवा, शक्यतो दुसरीच लावा. मग लाइव्ह मिंटमध्ये (न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं मिंट) 'डिस्क्स' उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, बघा. 199 क्रमांकाचा आकडा (सीआरसी एरर) वाढत असेल तर दोष केबलचा किंवा पिनांचा. हा आकडा परत शून्य होत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो आणखी वाढतो का एवढंच बघायचं. 5 क्रमांक म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, 197 म्हणजे वाचता न आल्याने खोळंबलेले. 197 शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकू नका. पूर्ण डिस्कवर शून्य लिहून काढलं की कधीकधी 197 खाली येतो, पण त्याबरोबर 5 चढत असेल तर ती डिस्क संपली. तीनपैकी एक मशीन निव्वळ केबलने सुटली.

विजेचं प्रकरण आपल्या भागात वेगळं आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. खोलीतला हवेचा कूलर, त्याचा पंप आणि संगणक एकाच विजेच्या बोर्डावर असतात. पंप सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर बसतं. नव्या एसएमपीएसला ते कळतही नाही. ज्याचे कपॅसिटर फुगलेत त्याची 12 व्होल्टची लाइन मात्र खाली येते आणि डिस्क 'टक्' आवाज करून पुन्हा फिरायला लागते. इन्स्टॉलरला तेवढ्यात डिस्क दिसेनाशी होते. त्यामुळे फॉरमॅट सकाळी, कूलर बंद असताना आणि यूपीएसवरच करा. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं तरी टिकते का ते आधी बघा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर त्यालाही हेच लागू. कूलरच्या दमट हवेने रॅमच्या पट्ट्यांचे पिनही काळे पडतात. पांढऱ्या खोडरबरने हलकेच घासून, भुगा झटकून परत बसवा आणि पेन ड्राइव्हच्या मेनूतली मेमरी टेस्ट एक पूर्ण फेरी होईपर्यंत चालू द्या. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी बदला. जिनिंगजवळच्या गावांत पंख्यात कापसाचा फुफाटा बसतो, तोही काढा.

2 जीबी रॅमच्या मशीनमध्ये आणखी एक पेच आहे. लाइव्ह मिंटमध्ये ब्राउझर उघडा ठेवून इन्स्टॉलर चालवला की रॅम संपते आणि इन्स्टॉलर न सांगता बंद पडतो. उपाय: जीपार्टेडने (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) आधीच 4 जीबीचं स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, करा, ते सुरू करा, आणि इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडून फक्त उरलेली जागा ईएक्सटी4 करायला सांगा. 'इरेज डिस्क' दाबलं तर वापरात असलेलं स्वॅप आडवं येतं. जीपार्टेडमध्ये त्याच्यापुढे किल्ली दिसते. पूर्ण डिस्क पुसायची असेल तर उजवं क्लिक करून आधी 'स्वॅपऑफ' करा.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या किंवा सेकंडहँड डिस्कवर जुन्या खुणा राहतात. जीपीटी म्हणजे डिस्कच्या भागांची यादी, तिची एक प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणून नुसती सुरुवात पुसून भागत नाही. टर्मिनलमधल्या 'वाइपएफएस' आज्ञेला '-a' जोडलं की या खुणा जातात (नुसती आज्ञा खुणा फक्त दाखवते), पण डेटाही सहज हाती लागणार नाही, म्हणून डिस्कचं नाव दोनदा तपासा. त्यानंतर जुन्या बायोसच्या मशीनवर जीपार्टेडमध्ये एमएसडॉस प्रकारचं पार्टिशन टेबल (जीपीटीच्या आधीची जुनी यादी) करा. 2 टीबीच्या आतल्या डिस्कला ते पुरतं. जीपीटीच ठेवायचं असेल तर बायोस-ग्रबसाठी 1 एमबीचं पार्टिशन लागतं, नाहीतर फॉरमॅट होतं आणि शेवटी बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अडतो. बायोसमध्ये साटा डिस्कचा मोड एएचसीआयवर ठेवा. जी31, जी41 बोर्डांवर तो पर्याय बहुधा दिसणार नाही, तिथे आयडीई मोडवरच चालतं.

मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा सीआर2032 सेल बदलायला विसरू नका. तारीख मागे गेली की सुरू होताना डिस्क तपासणीच्या तक्रारी येतात आणि ब्राउझर सुरक्षित साइट उघडत नाही.

सात महिन्यांत पाचपैकी चार मशीनने काही मागितलं नाही. पाचवीची 320 जीबी डिस्क मार्चमध्ये गेली, तिचा 197 आधीच 8 होता. तिथे 256 जीबीची साटा एसएसडी बसवली. मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होते, हार्ड डिस्कवर दीड-दोन मिनिटं लागत. मराठी टंकलेखन आयबसमधून (लिनक्सची भाषा-टंकलेखनाची सोय) नीट चालतं, सातबारा, पीडीएफ, यूट्यूब सगळं उघडतं. 2 जीबीवर चारपेक्षा जास्त टॅब झेपत नाहीत, रॅम 4 जीबी केलीत तर फरक लगेच कळेल. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सचा ड्रायव्हर मिळत नाही, म्हणून दुकानात मिंट टाकण्याआधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरच एक पान छापून बघा.