डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम: सहा महिने घेतल्यावरचा अनुभव

एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार. त्याच्या दुखण्यावरची ही हार्मोनची गोळी. रोज एक, रात्री जेवणानंतर. मे ते ऑक्टोबर, एकही चुकवली नाही. दुखण्यासाठी विचाराल तर मला शंभर टक्के गुण आला. पण मूल हवं असेल, तर गोळी सुरू करण्याआधी माझी चूक वाचा.

पाळीत संडासला बसलं की अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधारी. विश्रामबागेतून मिरजेला गाडीवर मागे बसून जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला मी यांचा खांदा आवळून धरायचे. सांगलीत दोनदा पोटावरून सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा नॉर्मल. 'लग्नानंतर कमी होईल' हे ऐकलं, मग 'मूल झालं की थांबेल' हे ऐकलं. लग्नाला चार वर्षं झाली, दोन्ही झालं नाही.

मिरजेच्या मॅडमनी आतून सोनोग्राफी केली. डाव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (जुन्या काळपट रक्तानं भरलेली गाठ), अंडाशय मागे चिकटलेलं. एंडोमेट्रिओसिस. पूर्वी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत, आता लक्षणं आणि तपासणीवरून औषध सुरू करता येतं. माझ्यात किमान सिस्ट तरी दिसली. आजार पोटातल्या पडद्यावर नुसत्या बारीक ठिपक्यांचा असेल तर तो सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणून 'नॉर्मल' रिपोर्टवर दुखणं मुकाट्यानं सोसू नका.

गोळीनं तिसऱ्या महिन्यात दुखणं जवळजवळ गेलं. त्रास डागांचा. कधी दोन दिवस, कधी सलग अकरा. गौरी बसायच्या दिवशीही डाग, मी देवघराबाहेर उभी. सासूबाई म्हणाल्या, "औषधाचे डाग आहेत ते, पाळी नव्हे. ये आत, मुखवटे तूच मांड." त्या दिवशी मी खूप रडले.

माझी तक्रार गोळीवर नाही, न सांगण्यावर आहे. ही गोळी चालू असताना बीज तयार होऊन बाहेर पडणं थांबतं. म्हणजे तेवढे महिने दिवस राहण्याची आशा जवळजवळ नाहीच. दर महिन्याला आम्ही वाट बघत होतो! हे मला सहाव्या महिन्यात वंध्यत्वाच्या डॉक्टरांनी सांगितलं. चिठ्ठी लिहिताना 'मूल हवंय का?' एवढं कुणी विचारलं असतं तर माझ्या तेहतिसाव्या वर्षातले सहा महिने वाचले असते.

त्यांनी आधी एएमएच (अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करायला लावलं, १.४ आलं. यांचीही तपासणी झाली, ती व्यवस्थित. सिस्ट काढून टाका असं मीच म्हणत होते. ते म्हणाले, काढताना चांगल्या अंडाशयाचा भागही जातो, एएमएच आणखी उतरतं, आणि आयव्हीएफ (बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं) करायचंच असेल तर केवळ त्यासाठी ऑपरेशन केल्यानं यश वाढत नाही. दुखणं असह्य असेल किंवा सिस्टमुळे बीज काढायला अडचण येत असेल, तर गोष्ट वेगळी.

गोळी बंद केल्यावर सहा आठवड्यांनी पाळी आली, आणि दुखणंही आलं. शेकायची पिशवी पुन्हा कपाटातून काढली आहे. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू.