सिमेंटच्या खोलीत एलएक्समिनी: नागपूरच्या घरांसाठी एक पारख

नागपुरातली बैठकीची खोली म्हणजे विटांच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब आणि खाली कोटा किंवा टाइल्स. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली तरी तिची शेपटी बराच वेळ रेंगाळते. अशा खोलीत बसल्या जागी जो आवाज ऐकू येतो, त्यातला मोठा वाटा भिंतींवरून फिरून आलेला असतो. म्हणून स्पीकर समोरून कसा वाजतो एवढंच पाहून भागत नाही, तो बाजूला आणि मागे काय फेकतो तेही पाहावं लागतं. सिगफ्रीड लिंकविट्झ यांचा एलएक्समिनी हा स्पीकर या विचारातूनच घडला आहे. 1976 मध्ये रस रायली यांच्यासोबतच्या कामातून ज्यांच्या नावाचा क्रॉसओव्हर (वरचा आणि खालचा आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणारी जोडणी) जगभर रूढ झाला, तेच हे लिंकविट्झ. 2018 मध्ये ते गेले. हा स्पीकर नेहमीच्या दुकानात तयार मिळत नाही. आराखडा विकत घेऊन तो बहुधा स्वतः बांधायचा असतो.

रचना साधी आहे. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपमध्ये सीअस कंपनीचा साडेपाच इंची वूफर (खालचा आवाज काढणारा ड्रायव्हर) छताकडे तोंड करून बसतो. त्याच्या वर आडव्या नळीत चार इंची फुल-रेंज (जवळजवळ सगळा पट्टा वाजवू शकणारा) ड्रायव्हर ऐकणाऱ्याकडे तोंड करून असतो. त्याची मागची बाजू बंद डब्यात नसते, कापूस भरलेल्या उघड्या नळीत सुटते. दोघांची वाटणी 700 हर्ट्झला होते आणि ती मिनीडीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी छोटी पेटी) करतो, म्हणून दोन स्पीकरना मिळून अ‍ॅम्प्लिफायरचे चार चॅनेल लागतात.

बाजारातल्या नेहमीच्या टू-वे स्पीकरशी ताडून पाहिलं की 700 या आकड्याचं महत्त्व कळतं. साडेसहा इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठीचा एक इंची ट्वीटर साधारण 2500 ते 3000 हर्ट्झला जोडलेले असतात. तिथे लहरीची लांबी जेमतेम 12-13 सेंटिमीटर, म्हणजे वूफरच्या कोनाएवढीच (कोन म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा). त्यामुळे वूफर टॉर्चसारखा समोरच आवाज टाकू लागतो आणि बाजूला जाणारा आवाज आक्रसतो. लगेच पुढे इवलासा ट्वीटर सुरू होतो आणि चहूकडे पसरतो. समोर ठेवलेल्या मायक्रोफोनला आलेख सपाट दिसतो, पण भिंतींना 3000 ते 4000 हर्ट्झचा जादा वाटा मिळतो. गाद्या-पडद्यांच्या घरात तो खपून जातो. आपल्याकडे तो गिलाव्यावरून जसाच्या तसा परत येतो आणि गायकाचा ‘स’ टोचायला लागतो. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांच्या प्रयोगांतून दिसलं होतंच की ऐकणाऱ्यांना समोरचा आवाज सपाट आणि बाजूचा आवाज एकसारखा उतरत जाणारा आवडतो. एलएक्समिनीत 700 हर्ट्झची लहर जवळजवळ अर्धा मीटर लांब असते. तिच्यापुढे साडेपाच इंची कोन लहानच. त्यामुळे जोडाच्या जागी आवाजाचा पसारा एकदम बदलत नाही. वर फुल-रेंज हळूहळू अरुंद होत जातो. बाजूच्या आवाजाला उतार आहे, पण खड्डा किंवा उंचवटा नाही.

बांधकामात खरी मेहनत पाइपची. अमेरिकेत सहा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास 168 मिलिमीटर भरतो, आपल्याकडचा जवळचा पाइप 160 चा. चार इंचीलाही हाच घोळ: तिकडे 114, इथे 110. म्हणून आराखड्यातलं माप आतलं की बाहेरचं ते आधी पाहा, इतवारीच्या बाजारात पाइप हातात घेऊन कॅलिपरने मोजा आणि मगच लाकडी रिंगा कापायला द्या. उलटं केलं तर रिंग सैल बसते, फटीतून हवा फुसफुसते आणि वूफरचा खर्ज पोकळ होतो. पाइप सरळ कापण्यासाठी जाड कागदाची पट्टी त्याभोवती घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं तंतोतंत जुळली की कडेने रेघ मारा आणि बारीक दातांच्या हॅक्सॉने पाइप थोडाथोडा फिरवत कापा. एकाच बाजूने खोल कापत गेलं की पातं हमखास तिरपं जातं. पाइपवर छापलेली अक्षरं थिनरने पुसून, 120 च्या पॉलिश पेपरने घासून मगच प्रायमर द्यावा. रंगवलेला पाइप मे महिन्यात गच्चीवर वाळत टाकू नये. उन्हात तो नरम पडून वाकतो. तळाच्या फळीला कूलरच्या दमट खोलीत साधा एमआर प्लाय फुगतो, म्हणून आयएस 710 चा, म्हणजे मरीन, प्लाय घ्यावा.

जोडणीत एक चूक महागात पडते. डीएसपीच्या चार आउटपुटपैकी दोन अदलाबदल झाले तर फुल-रेंजच्या वाट्याला खर्ज येतो आणि त्याची कॉइल आपटते. म्हणून पहिल्यांदा आवाज अगदी बारीक ठेवून एकेक चॅनेल वाजवा आणि कानाने खात्री करा. दीड व्होल्टच्या सेलने प्रत्येक ड्रायव्हरची दिशा तपासा: प्लसला प्लस लावलं की कोन बाहेर यायला हवा. सुरू करताना डीएसपी आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलटं.

छताकडे तोंड केलेल्या वूफरवर नागपूरची धूळ बसणारच. उन्हाळ्याच्या वावटळीत तर दोन दिवसांत थर जमतो. कोन अ‍ॅल्युमिनियमचा आहे, बोटाचा दाब लागला की पडलेला खळगा भरून येत नाही. पातळ, आवाज आरपार जाऊ देणाऱ्या स्पीकर-कापडाची टोपी शिवून घ्या आणि धूळ फक्त मऊ ब्रशने झटका.

आता जागा. 12 बाय 14 फूट आणि 10 फूट उंच खोली धरू, धरमपेठ-महालातल्या जुन्या घरांत अशा खोल्या सापडतात. स्पीकर 12 फुटी भिंतीकडे, मागच्या आणि बाजूच्या भिंतींपासून किमान एक मीटर पुढे. लिंकविट्झ यांचा आग्रह याच अंतराचा होता: भिंतीवरून फिरून येणारा आवाज सहा मिलिसेकंद उशिरा आला की कान त्याला मूळ आवाजापासून वेगळा काढू शकतो. मग दोन स्पीकरमध्ये 1.65 मीटर उरतात, ते पुरेसे आहेत. दिवाण भिंतीला टेकवून त्यावर बसलं तर खर्ज फुगून येतो. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसलं तर तो गायब होतो. मागच्या भिंतीपासून साडेतीन-चार फूट पुढे खुर्ची ठेवावी आणि दोन्ही स्पीकर कानाकडे वळवावेत, कारण चार इंची ड्रायव्हरचा वरचा पट्टा बाजूला पसरत नाही. बाजूला बसलेल्याला झांजेची किणकिण कमी ऐकू येणार. हा या डिझाइनचा खरा उणेपणा आहे.

दुसरी मर्यादा खर्जाची. स्पीकर कितीही विचारपूर्वक केला असला तरी 200-250 हर्ट्झच्या खाली राज्य खोलीचंच चालतं. या खोलीत 14 फुटांच्या लांबीचा घुमारा (समोरासमोरच्या भिंतींमध्ये एखादाच सूर फुगून घुमणं) 40 हर्ट्झला, 12 फुटांचा 47 ला आणि उंचीचा 56 ला येतो. पातळ पडदे आणि सतरंजी घालून हे जात नाही, उलट वरचा आवाज मरतो आणि घुमारा तसाच उरतो. इथे कापसाची जुनी गादी कामाला येते. दोन गाद्या गुंडाळून, दोरीने सैल बांधून समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या कराव्यात. घट्ट आवळल्या तर आवाज आत शिरतच नाही. डग्ग्याची मींड मग गोळा होऊन न राहता सुटी ऐकू येते, डग्ग्यावर तळहात घसरतो तोही जाणवतो. 40 हर्ट्झचा घुमारा मात्र गादीने हलत नाही. तो डीएसपीने दाबावा लागतो.

त्यासाठी यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. डोक्याच्या आसपास सात-आठ जागी मोजून सरासरी काढा, फक्त 250 हर्ट्झच्या खालचे उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे दोन लहरी एकमेकींना खाताहेत. तिथे आवाज वाढवला तर वूफर नुसताच धापा टाकतो. एक बारकावा खास आपल्या हवेचा: डिसेंबरात खोली 15 अंशांवर असते तेव्हा लांबीचा घुमारा 40 हर्ट्झला असतो, मे महिन्यात बंद खोली 40 अंशांवर गेली की तोच 41.5 ला सरकतो. फिल्टर अगदी अरुंद केला असेल तर हिवाळ्यात बरोबर बसलेला काप उन्हाळ्यात बाजूलाच पडतो. काप थोडा रुंद ठेवावा किंवा दोन सेटिंग करून ठेवावीत. मोजताना कूलर बंद हवा, नाहीतर खालचा आलेख नुसता थरथरतो.

गायन, सतार, नाट्यसंगीत, बातम्या, सिनेमातले संवाद, यांसाठी या आकाराच्या खोलीत एलएक्समिनी निःशंकपणे बांधावा. आवाज स्पीकरला चिकटून राहत नाही, गायक दोघांच्या मध्ये आणि थोडा मागे उभा राहतो. तंबोऱ्याची जवारी भिंतीवरून परत येऊनही कर्कश होत नाही. ढोल-ताशा किंवा लग्नातल्यासारखा दणका हवा असेल तर हा घेऊ नये. खर्जात एक सप्तक खाली जाऊन तेवढाच आवाज काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं, आणि साडेपाच इंची कोनाकडे तेवढी जागा नाही. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी वेगळा सबवूफर जोडावा, त्याची वाटणी 80 हर्ट्झच्या आसपास करावी आणि तो कोपऱ्यातल्या गादीशेजारी नव्हे, बाजूच्या भिंतीच्या मध्याजवळ ठेवून पाहावा.