तालुका कोर्टातली मोफत वकील सेवा, आमचा अनुभव (पाचपैकी चार स्टार)

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडून जो मोफत वकील मिळतो त्या सेवेचा हा रिव्ह्यू आहे. तालुका कुठला ते लिहीत नाही, केस अजून चालू आहे आणि ती माझी पण नाही, माझ्याकडं शिवणकामाला असलेल्या बाईची आहे, तिला विचारूनच लिहितेय.

झालं असं की ऐन लग्नसराईत एका रात्री नवऱ्यानं तिचा उजवा हात मनगटात मोडला, मोबाईल आपटला आणि शिलाई मशीन ओट्यावरून खाली ढकलून दिलं. मशीन तिनं बचत गटाचं कर्ज काढून घेतलेलं, दिवसभर माझ्याकडं काम करून रात्री घरी त्याच्यावर पिको-फॉल करायची. चाक तुटलं, मोटर गेली, पण गटाचा हप्ता काय थांबत नाही, महिन्याच्या मीटिंगला पैसे ठेवायलाच लागतात. प्लास्टरातला हात घेऊन माहेरी बसलेली बाई आईकडून उसने घेऊन त्या मोडक्या मशीनचा हप्ता भरत होती. हे मला दोन महिन्यांनी कळलं आणि पोटात कालवलं अक्षरशः.

आधी एका खाजगी वकिलाकडं गेलो होतो, त्यांनी २५ हजार आधी टाका म्हणून सांगितलं, कुठून टाकणार. मग एका गिऱ्हाईक बाईनं १५१०० नंबर दिला, विधी सेवेची हेल्पलाईन आहे ती, तिथं कळलं की १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतोच, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा कारण कोर्टाबाहेर एक टायपिंगवाला आम्हाला ठासून सांगत होता की तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा, त्याच्या नादानं आमचा एक दिवस फुकट गेला. आणि केस नवऱ्याच्या गावातच घालायला लागते असं पण नाही, बाई सध्या राहते तिथल्या कोर्टात चालते, म्हणून माहेरच्या तालुक्यात अर्ज केला.

वकील मॅडम वयानं लहान होत्या, मला आधी शंका वाटली, पण बाईला इतकं नीट ऐकून घेणारं माणूस मी कोर्टात दुसरं बघितलं नाही. तिला रडू दिलं, पाणी दिलं, मग वही काढून विचारलं, "ताई, या सगळ्यात खर्च किती झाला?" ती म्हणाली, खर्चाचं काय मॅडम, हात बरा झाला की झालं. तर मॅडमनी समजावून सांगितलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम २० आहे, त्यात बुडालेली मजुरी, दवाखाना, मोडतोड झालेली वस्तू, तिची आणि पोराची पोटगी सगळं मागता येतं, आणि अंगाला-मनाला जो त्रास झाला त्याची भरपाई कलम २२ खाली वेगळी. फक्त आकडे आणि कागद पाहिजेत.

मग दुकानात बसून माझ्या ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या ६,४५०. मोबाईल ९,५००. मशीन दुरुस्ती ३,८००. अस्तराच्या ब्लाउजला तिला १३० मिळतात, सीझनला दिवसाला चार होतात, ४१ दिवस हात बांधलेला, म्हणजे २१,३२०. बेरीज ४१,०७०. ती ते पान कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, "ताई, एवढे पैसे मी आयुष्यात एकदम बघितले नाहीत." यात तिच्या रात्रीच्या पिकोचे पैसे धरलेच नव्हते, आणि पोराची शाळा बुडाली तिचा आकडा तर कुठून काढणार. माझं पण नुकसान झालंच की, तीस ब्लाउज बाहेर जास्त दरानं शिवून घेतले, एका नवरीच्या आईनं कापड परत नेलं, ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

बायकांवरच्या हिंसेमुळं जगाचं वर्षाला दीड लाख कोटी डॉलरचं, म्हणजे जगाच्या उत्पन्नाच्या दोन टक्के नुकसान होतं असा अंदाज यूएन विमेननं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बायकांसाठीच्या संस्थेनं, २०१६ ला सांगितला होता, तो मी पूर्वी वाचलेला पण डोक्यावरून गेलेला. आता कळतो. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण-जबरदस्ती झाल्याचं सांगितलंय, म्हणजे चारात एक. माझ्या दुकानात दिवसाला पंधरावीस बायका मापं द्यायला येतात, आता टेप धरताना दंडावरचा डाग दिसला की हात थांबतो माझा.

एक स्टार का कापला ते सांगते. कायद्यात लिहिलंय की पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, आमचे पाच महिने झाले. अंतरिम पोटगी तिसऱ्या तारखेला मंजूर झाली पण भरपाईचं अजून चालूच आहे. प्रत्येक तारखेला तिची त्या दिवसाची मजुरी जातेच, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं तरी वाचतं. बसायला बाकडं एकच, त्यावर दोन्हीकडची माणसं, नवरा समोर उभा. ही गोष्ट खरंच बदलायला पाहिजे, ती बाई तिथं तासभर थरथरत होती.

वकिलाची फी, कोर्ट फी, अर्ज लिहिणं, कशाचा एक रुपया लागला नाही, कुणी मागितला पण नाही.

जाणार असाल तर आधार, लग्नाचा काहीतरी पुरावा, दवाखान्याचे सगळे कागद, मेडिकलची बिलं न्या. पहिल्या दवाखान्यात हिनं भीतीनं "पडले" असं सांगितलेलं आणि कागदावर तेच आलं, ते निस्तरायला फार त्रास झाला, तेव्हा डॉक्टरला खरं सांगा. मशीनची पावती गटातून घेतल्यामुळं तिच्या नावावर होती, ती फार उपयोगी पडली. आणि कमाईचा पुरावा नाही म्हणून गप्प बसू नका, माझ्या वहीत कुठला ब्लाउज कुणी शिवला ते तारखेसकट असतं, मॅडमनी तीच पानं लावली. झेरॉक्स साताऱ्यातूनच काढून न्या, कोर्टासमोरचं दुकान दुपारी बंद असतं.