आठ महिने क्रॉन वापरल्यावर: सगळं दुखणं एका % चं

वहिनींचा डब्यांचा व्यवसाय आहे, त्याची छोटी साइट मी सांभाळतो. महिना चारशे रुपयांचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि वेळेची कामं क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे. वेळ ठरवणाऱ्या पाच रकान्यांत (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) काय लिहायचं ते इथे सांगत बसत नाही.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन: "भाऊजी, गिऱ्हाइकांची सगळी यादी गेली हो!" माझ्याच एका स्क्रिप्टनं डेटाबेसमधलं टेबल रिकामं केलं होतं. "घाबरू नका, रोज रात्री बॅकअप होतो," असं ऐटीत सांगून फोल्डर उघडला. आत एकच फाइल. आठ महिन्यांपूर्वी कमांड हातानं चालवून पाहिली होती, त्या दिवसाची.

फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून कमांडमध्ये वर्ष-महिना-दिवसाचे तीन % होते. टर्मिनलवर, म्हणजे कमांड हातानं टाइप केली तर, हे बिनबोभाट चालतं. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, मात्र % म्हणजे नवी ओळ! पहिल्या % पाशी कमांड तुटते, पुढचं सगळं तिला इनपुट म्हणून दिलं जातं. तारखेभोवतीचा कंस उघडाच राहतो, शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) कुरकुरतो, खेळ खलास. रोज रात्री हेच, आठ महिने. प्रत्येक % च्या आधी एक बॅकस्लॅश (\) हवा होता, बस्स.

बरं, कुरकुर ऐकू का आली नाही? क्रॉन ती मेलनं कळवतो, आणि मेल पाठवणारं काही बसवायचा मी कंटाळा केला होता. सिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ओळ होती: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' (मेल पाठवणारा प्रोग्रॅम नाही, मजकूर टाकून देतोय). म्हणजे बिचाऱ्यानं रोज सांगितलं आणि कचऱ्यात टाकलं. यादी शेवटी व्हॉट्सॲप आणि वहिनींच्या वहीतून पुन्हा उतरवली. दोन रविवार गेले.

इथवर रागात लिहिलं होतं, एकच तारा देणार होतो. मग क्रॉनटॅबचं मॅन्युअल उघडलं. % चं सगळं तिथे सरळ लिहिलेलं आहे. तरी माझं म्हणणं कायम: सेव्ह करताना रकाना चुकला तर हा गडी लगेच अडवतो, मग उघड्या % वर एक शब्द बोलायला काय जातं?

तसा वेळेला पक्का आहे. सुरुवातीला "आज डबा हवा का?" हा सकाळी सहाचा मेसेज साडेअकराला जायचा, पण तो दोष सर्व्हरच्या यूटीसीचा, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेचा. ओळीत 30 0 (मिनिट 30, तास 0) लिहिलं आणि सहाच्या ठोक्याला जाऊ लागला.

मध्ये सिस्टमडी टायमर, म्हणजे लिनक्समधला क्रॉनसारखाच दुसरा गडी, तोही वापरून पाहिला. सर्व्हर बंद असताना हुकलेलं काम तो चालू झाल्यावर उरकतो, तेवढी 'पर्सिस्टंट'ची ओळ लिहायची. क्रॉनमध्ये हुकलं ते हुकलं. पुढचं काम कधी, मागचं कधी झालं, हेही एका यादीत दिसतं. पण एका कामाला दोन फायली! तीन कामांसाठी सहा फायली कोण सांभाळणार? बॅकअप तेवढा तिकडे हलवला, मेसेज क्रॉनकडेच.

क्रॉनटॅबचीही रोज प्रत काढतो आता, कारण क्रॉनटॅबच्या कमांडमध्ये यादी उघडायचा ई आणि सगळं पुसायचा आर कीबोर्डवर शेजारी-शेजारी, आणि पुसताना विचारतही नाही. प्रतीच्या नावात तारीख आहेच. पण तीन % ऐवजी 'एफ'वाला एकच (%F) वापरला, तारीख तीच येते. दोन बॅकस्लॅश वाचले.