लोखंडी लाइनला मॅग्नेशियम की रेक्टिफायर?

गोदाकाठच्या जॅकवेलपासून कारखान्यापर्यंत तीन किलोमीटर लोखंडी लाइन टाकणाऱ्या एका मित्रानं परवा विचारलं, सीपीसाठी मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड पुरू की रेक्टिफायर बसवू? सीपी म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शन, जमिनीतून पाइपवर थोडा डीसी करंट सोडून गंज रोखणं. मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड स्वतः झिजून तो करंट देतात; रेक्टिफायर विजेच्या एसीचा डीसी करून वेगळ्या खड्ड्यात पुरलेल्या अ‍ॅनोडमधून सोडतो. मी दोन्ही वापरलेत. आधी रेक्टिफायर, काही वर्षांनी मॅग्नेशियम. म्हणजे मत पोळलेल्या माणसाचं आहे, एवढं धरून वाचा.

कागदावर रेक्टिफायर जिंकतो. लाइन लांब, कोटिंग जुनं, खाली मुरूम असेल तर मॅग्नेशियमचा जोर पुरतच नाही. रेक्टिफायरला हवा तेवढा करंट वाढवता येतो. मोरचुदाच्या हाफ सेलवर (पाइपचं व्होल्टेज ज्याच्याशी ताडून मोजतात ते) उणे ०.८५ व्होल्ट दिसले, म्हणजे पाइप सुरक्षित, की झोप लागते. लोडशेडिंग, केबलचोरी, ही रडगाणी सगळ्यांचीच आहेत. ती निभतात.

मला नडलं ते वेगळंच. आमचा अ‍ॅनोडचा खड्डा घेतला हद्दीच्या कडेला, कारण तिथं जागा मोकळी होती. शेजाऱ्याची मोसंबीच्या बागेकडे जाणारी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) लाइन त्या खड्ड्याजवळून जायची आणि पुढे दोनेकशे मीटरवर आमच्या पाइपला आडवी यायची. दुसऱ्या उन्हाळ्यात नेमकी त्या क्रॉसिंगवर तिला गळती लागली. त्यानं क्लॅम्प मारला. दिवाळीला पुन्हा, हातभर अलीकडे. तिसऱ्या वेळी तो पाइपचा तुकडा घेऊनच गेटवर आला. "साहेब, तुमची लाइन माझी लाइन खायलीय."

मी हसण्यावारी नेलं. पण भोक पाहिलं तर वाटोळं, स्वच्छ, भोवती गंजाचे पापुद्रे नाहीत. त्याच्या पाइपला मीटर लावून रेक्टिफायर बंद-चालू केला; दर वेळी आकडा सरकला. आमच्या खड्ड्यातून निघालेला डीसी त्याच्या पाइपात शिरत होता आणि क्रॉसिंगपाशी बाहेर पडून आमच्या पाइपवर येत होता. शिरतो तिथं काही बिघडत नाही. बाहेर पडतो तिथं लोखंड विरघळतं. एक अँपिअर वर्षभर असा बाहेर पडला तर साधारण ९ किलो.

त्याचा पाइप जुना होता, जमीन खारवट होती. सगळं पाप आमचंच असं छातीठोकपणे म्हणवत नाही. दोन्ही पाइप केबलनं जोडल्यावर गळती थांबली, एवढं मात्र खरं. ती केबल नांगरानं दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्याच्या ओसरीवर बसून, चहा घेत, तेच सगळं पहिल्यापासून समजावलं. तिसऱ्यांदा जायची माझी तयारी नव्हती.

मॅग्नेशियमही काही साधुसंत नाही. अ‍ॅनोड झिजतात, बदलावे लागतात. मे महिन्यात काळी माती भेगाळली की करंट मंदावतो, टँकरनं पाणी सोडावं लागतं. पावसाळ्यात मात्र रीडिंग झकास. व्होल्टेज जेमतेम, अ‍ॅनोड पाइपच्या शेजारीच, त्यामुळे करंट बहुतेक आपल्याच रानात राहतो. वीजबिलही नाही.

मनमाड-जालना रेल्वे किंवा हाय टेन्शनचे टॉवर लाइनला समांतर असतील तर ते दुखणं निराळं. रेल्वे २५ केव्ही एसीवर चालते. एसी डीसीइतकं लोखंड खात नाही, पण पाइपवर व्होल्टेज चढवतो. १५ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी पाइपला हात लावणाऱ्या माणसाची काळजी करा. त्यासाठी अर्थिंगची जस्ताची पट्टी आणि डीकप्लर (एसी जमिनीत सोडणारं, पण डीसी अडवणारं उपकरण) दोन्ही पद्धतींत लागतील.

मित्राची लाइन तीन किलोमीटर, कोटिंग नवं, माती काळी. मी असतो तर मॅग्नेशियमच पुरलं असतं. लाइन वीस किलोमीटर असती तर रेक्टिफायरशिवाय गत नाही. पण मग अ‍ॅनोडचा खड्डा घेण्याआधी आजूबाजूला कुणाकुणाच्या लाइनी आणि बोअरची केसिंग आहेत, ते तिथल्या एखाद्या जुन्या सालगड्याला विचारून घ्या. सातबाऱ्यावर पाइप सापडत नाहीत.