मोबाइलवर बसणारे मॅक्रो भिंग: घरातल्या बारीक किड्यांसाठी कितपत उपयोगी?

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवायचे हे भिंग फोर्टमधल्या बोरा बाजारात सातशे रुपयांच्या आत मिळाले आणि गेल्या पावसाळ्यापासून ते वापरात आहे. खोक्यावर ठळकपणे छापलेल्या ‘१५ पट’ या आकड्याला फारसा अर्थ नाही. घेताना दुकानदाराला विचारायचे ते एवढेच, की भिंग किड्यापासून किती अंतरावर धरल्यावर चित्र स्पष्ट होते. या भिंगाचे हे अंतर जेमतेम अडीच सेंटिमीटर आहे. त्यामुळे मोबाइलची सावली किड्यावर पडते आणि पळणारी मुंगी किंवा उडणारे चिलट टिपणे जवळजवळ अशक्य होते. जे किडे एका जागी बसतात किंवा सावकाश चालतात, त्यांच्यासाठी मात्र हे भिंग किमतीच्या मानाने फारच चांगले आहे.

त्याचा सर्वाधिक उपयोग स्वयंपाकघरात झाला. तांदळातला टोका आणि पिठातला तांबडा भुंगेरा हे दोन्ही तीन-चार मिलिमीटरचे असतात आणि नुसत्या डोळ्यांना ते एकसारखेच तपकिरी ठिपके वाटतात. भिंगातून टोक्याची पुढे आलेली सोंड आणि पंखांच्या कवचावरचे चार फिकट डाग लगेच दिसतात. भुंगेऱ्याला सोंड नसते आणि त्याच्या स्पर्शिकांची टोके गाठीसारखी फुगलेली असतात. हा भेद निव्वळ हौसेचा नाही. टोक्याची मादी अखंड दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि अळी दाण्याच्या आतच वाढते, त्यामुळे वरचे किडे चाळून काढले तरी काही दिवसांनी नवे बाहेर पडतात. भुंगेऱ्याला अख्खा दाणा सहसा फोडता येत नाही. तो पीठ, रवा आणि तुटक्या कण्यांवर जगतो. म्हणजे शोध कोणत्या डब्यापासून सुरू करायचा, हे छायाचित्रावरूनच ठरते.

बाल्कनीतल्या जास्वंदीवर तर या भिंगाने एका मित्रकीटकाचा जीव वाचवला. पिठ्या ढेकणांच्या, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या मेणकट पांढऱ्या किड्यांच्या, कापसात त्यांच्याहून मोठी, तशीच मेणकट पांढरी अळी फिरत असेल, तर ती बहुधा त्यांनाच खाणाऱ्या क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची असते. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला कीटक आपल्याकडच्या द्राक्षबागांतही पिठ्या ढेकणाच्या नियंत्रणासाठी सोडला जातो. अळीच्या अंगावरचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले असतात व तिची चाल ढेकणापेक्षा चपळ असते. साबणाचे पाणी फवारण्याआधी असे एक छायाचित्र घेऊन पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

भिंतीवर चिकटलेली, दोन्ही टोकांना निमुळती होणारी करडी पिशवी मुंबईच्या दमट घरांत अनेकांनी पाहिली असेल. आतली पतंगाची अळी कोणत्याही टोकाने डोके बाहेर काढू शकते. ती कोळिष्टके, केस आणि मेलेले किडे खाते. नवशिक्याला सरावासाठी याहून सोशिक प्राणी मिळणार नाही. उलट, पावसाळ्यात जुन्या पुस्तकांच्या पानांवर बुरशी खात फिरणारे दीड-एक मिलिमीटरचे फिकट बुकलाइस स्वस्थ बसत नाहीत. त्यातच या भिंगाखाली एखादा मिलिमीटर खोलीच स्पष्ट राहते, त्यामुळे डोके नीट आले तर पोट धूसर होते.

चिमट्याविषयी तक्रार आहे. त्याची स्प्रिंग सैल असून जाड कव्हर काढल्याशिवाय तो नीट बसत नाही. अनेक कॅमेरे असलेला मोबाइल जवळची वस्तू दिसताच आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि पडद्यावर भिंगाऐवजी भलतेच काही दिसू लागते. ती स्वयंचलित सोय सेटिंगमध्ये बंद करावी लागते. फ्लॅशपेक्षा खिडकीचा उजेड आणि बाजूला धरलेला पांढरा कागद बरा. वातानुकूलित खोलीतून बाल्कनीत आल्यावर काचेवर वाफ धरते, तेव्हा थोडे थांबावे.

ओळख पटवण्यासाठी आयनॅचरलिस्ट हे मोफत ॲप सोबत वापरले. २००८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झाले. छायाचित्र टाकताच संगणक नाव सुचवतो, पण तो अंदाजच असतो. पुढे इतर सदस्य आपले मत देतात आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीवर एकमत झाले, तर नोंद ‘संशोधन दर्जा’ला पोहोचू शकते. वरून, बाजूने आणि स्पर्शिकांचे अशी वेगवेगळी छायाचित्रे दिली, तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. नोंद स्वतःच्या घरातली असल्यामुळे तिचे स्थान ‘अस्पष्ट’ ठेवावे. मग नकाशावरचा ठिपका सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही पडतो, आणि परळच्या बाल्कनीतला ढेकूण अरबी समुद्रात दिसला तरी दचकू नये.